उणे नऊ पॉइंट दोन: झाडपाल्यातील औषध संगणकावर कसे तपासतात

आमच्या महाविद्यालयाच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी काही महिन्यांपूर्वी आपल्या प्रकल्पाचा तक्ता घेऊन आली. ती वसमत तालुक्यातली. घरी दोन एकर हळद, त्यामुळे हळदीतील कुरकुमिन तिच्या यादीत असणे स्वाभाविकच होते. त्याच्या जोडीला तिने शेवग्याच्या पानांतील रुटिन आणि क्वेर्सेटिन, मेथीतील ट्रायगोनेलिन अशी स्वयंपाकघरातून आणि परसातून येणारी संयुगे निवडली होती. मधुमेहाशी संबंधित एका प्रथिनात यांपैकी कोणते संयुग किती घट्ट बसते, हे तिने संगणकावर तपासले होते. “सर, रुटिनला उणे नऊ पॉइंट दोन आला,” ती म्हणाली. “अकार्बोजपेक्षाही जास्त. म्हणजे शेवग्याचा पाला गोळीपेक्षा भारी ठरला ना?”

अकार्बोज हे मधुमेहाच्या रुग्णांना जेवणाबरोबर दिले जाणारे औषध आहे. तिच्या प्रश्नात प्रामाणिक उत्सुकता होती. पण हाच प्रश्न उत्तराच्या रूपात वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवरच्या संदेशांत फिरतो, तेव्हा त्याचे ‘अमुक झाडात मधुमेहावर उपाय सापडला’ असे शीर्षक होते. अशा बातम्यांपैकी कितीतरींच्या मुळाशी एवढाच एक आकडा असतो. तो कुठून येतो, त्याचा अर्थ काय आणि त्यावर किती विसंबावे, हे नीट समजून घेतले तर या पद्धतीचे खरे सामर्थ्यही दिसते. ते सामर्थ्य मोठे आहे, आणि आपल्या भागातील साध्या महाविद्यालयांनाही ते आज हाताशी आले आहे, म्हणूनच हा लेख थोडा विस्ताराने लिहीत आहे.

आधी त्या प्रथिनाविषयी. आपण ज्वारीची भाकरी खातो तेव्हा तिच्यातील स्टार्चच्या लांब साखळ्या प्रथम लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकर, म्हणजे एन्झाइम, तोडतात. उरलेल्या लहान तुकड्यांतून एकेक ग्लुकोज सुटे करण्याचे काम लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावरची अल्फा-ग्लुकोसिडेज या गटातील विकरे करतात. विकरे ही प्रथिनेच असतात, आणि विद्यार्थिनीने तपासलेले प्रथिन याच गटातले. ग्लुकोज सुटे झाले की ते रक्तात जाते. या विकराच्या कामात अडथळा आणला, तर जेवणानंतर रक्तातील साखर एकदम न चढता हळूहळू चढते. अकार्बोज नेमके हेच करते. विकराच्या अंगावर एक खोलगट जागा असते, स्टार्चचा तुकडा तिथे येऊन बसतो आणि तुटतो. अकार्बोज ती जागा अडवून बसते, पण स्वतः सहजी तुटत नाही.

शर्करा तोडणाऱ्या अशाच विकरांचा अभ्यास करताना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती आजही शाळेच्या पुस्तकांत आहे. मला मात्र आपल्याकडची कुऱ्हाडीची उपमा अधिक जवळची वाटते. कुऱ्हाडीच्या नेढ्यात सुतार दांडा बसवतो तेव्हा तो आधीच तंतोतंत मापाचा नसतो. सुतार त्याला फिरवून पाहतो, उलटा करून पाहतो, थोडा तासतो, ठोकतो. लाकूड थोडे दबते, मग तो घट्ट बसतो. रेणू आणि प्रथिन यांचेही असेच आहे. रेणू वळतो, प्रथिनही थोडे हलून त्याला जागा देते. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये फिशर यांच्या कल्पनेत हीच दुरुस्ती सुचवली होती.

संगणकावर हा दांडा बसवून पाहण्याच्या क्रियेला डॉकिंग म्हणतात. पहिला डॉकिंग प्रोग्रॅम १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात आयर्विन कुंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आज आपल्याकडे सर्वाधिक वापरला जाणारा ऑटोडॉक व्हिना हा प्रोग्रॅम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तो मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्याला दोन गोष्टी लागतात: प्रथिनाची त्रिमितीय रचना, म्हणजे त्यातील प्रत्येक अणू अवकाशात नेमका कुठे आहे याची नोंद, आणि तपासायच्या रेणूची तशीच रचना.

प्रथिनांच्या रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने आणि इतर पद्धतींनी शोधून ‘प्रोटीन डेटा बँक’ या खुल्या संग्रहात ठेवल्या जातात. १९७१ मध्ये हा संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात केवळ ७ रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे आहे. मानवी आतड्यातील अल्फा-ग्लुकोसिडेजची, अकार्बोज आत बसलेल्या अवस्थेतील रचना २००८ पासून उपलब्ध आहे. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने मिळालेली नाही, त्यांच्या रचनेचा अंदाज आता अल्फाफोल्डसारखे प्रोग्रॅम बांधतात, आणि त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रचना विश्वसनीय आहे की नाही हे पाहण्यासाठी जगभर जो आलेख काढला जातो, तो मात्र आपल्या मद्रास विद्यापीठातून १९६३ मध्ये गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला आहे. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण या क्षेत्राचा पाया घालण्यात आपलाही हात आहे हे मुलांना कळायला हवे.

वनस्पतींतील रेणूंची यादीही आता शोधत बसावी लागत नाही. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘इम्पॅट’ नावाचा खुला संग्रह तयार केला आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत भारतातील ४,०१० औषधी वनस्पती आणि त्यांतील १७,९६७ संयुगे नोंदलेली आहेत, आणि बहुतेकांची संगणकाला चालेल अशी रचना तिथेच मिळते.

एवढी सामग्री जमली की प्रोग्रॅम कामाला लागतो. ज्या खोलगट जागेत रेणू बसवायचा, तिच्याभोवती आपण एक काल्पनिक पेटी आखून देतो. त्या पेटीत प्रोग्रॅम रेणूला हजारो प्रकारे ठेवून पाहतो: सरकवतो, फिरवतो, त्याचे जे बंध वळू शकतात ते वळवतो. प्रत्येक स्थितीला तो एक गुण देतो. रेणूचे अणू आणि प्रथिनाचे अणू योग्य अंतरावर आले, त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळले, रेणूचा तेलकट भाग प्रथिनाच्या तेलकट भागाला लागला, तर गुण सुधारतात. अणू एकमेकांवर आदळले तर बिघडतात. रेणूला वळणारे बंध फार असतील तर थोडे गुण कापले जातात, कारण सैल हातपाय असलेल्या रेणूला एका जागी गप्प बसवण्याची किंमत मोजावी लागते. सर्वांत चांगल्या स्थितीचा गुण म्हणजे तो आकडा. त्याचे एकक किलोकॅलरी प्रति मोल असते. जोडी जुळताना ऊर्जा बाहेर पडते म्हणून तो उणे असतो, आणि जितका अधिक उणे तितकी पकड घट्ट, असा अंदाज असतो.

अंदाज हा शब्द इथे पूर्ण वजनाने घ्यावा लागतो. ऊर्जा आणि पकड यांचे नाते असे आहे की साधारण १.३६ किलोकॅलरींचा फरक पडला की पकड दहा पट बदलते. म्हणजे आकड्यातला लहानसा फरक प्रत्यक्षात मोठा असतो. आता ऑटोडॉक व्हिना ज्यांनी तयार केला, त्यांनीच आपल्या मूळ शोधनिबंधात या आकड्याची प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी असल्याचे नोंदवले आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तर पकडीच्या अंदाजात शंभर पटींहून अधिक चूक होऊ शकते हे उघड होते. अशा वेळी रुटिनचा उणे ९.२ आणि दुसऱ्या कुणाचा उणे ८.७ यांत वरचढ कोण, हे ठरवणे म्हणजे ऊस तोलायच्या वजनकाट्यावर अंगठी तोलण्यासारखे आहे. काटा खोटा नाही, पण तो त्या कामाचा नाही.

विद्यार्थिनीच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. मी तिला संयुगांच्या नावांपुढे त्यांचे रेणुभार लिहायला सांगितले. ट्रायगोनेलिन १३७, क्वेर्सेटिन ३०२, कुरकुमिन ३६८, रुटिन ६१०. तक्ता गुणांच्या क्रमाने लावला होता, आणि तो जवळजवळ रेणुभाराच्याही क्रमाने लागलेला निघाला. ती दोन मिनिटे गप्प होती. हा डॉकिंगचा माहीत असलेला कल आहे: रेणू जितका मोठा, त्याचे जितके अणू प्रथिनाला लागणार, तितके गुण वाढत जाणार. म्हणूनच वनस्पतींवरील कितीतरी शोधनिबंधांत रोग कोणताही असो, साखरेचे रेणू चिकटलेले फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन वर्गातील मोठी संयुगे यादीच्या डोक्यावर दिसतात. अकार्बोजचा रेणुभार ६४५ असूनही तो मागे का पडला, याचे कारणही इथेच आहे. त्याला वळणारे बंध फार असल्यामुळे त्याचे गुण कापले जातात आणि त्याची योग्य स्थिती शोधणेही प्रोग्रॅमला अवघड जाते. प्रत्यक्षातील औषध तक्त्यात हरले, यावरून औषध कमकुवत आहे असे ठरत नाही. मोजमापच तपासून पाहायला हवे असे ठरते.

ती तपासणी करण्याची एक सोपी रीत आहे. अकार्बोज त्या विकरात प्रत्यक्ष कसे बसते हे क्ष-किरणांनी दाखवलेलेच आहे. मग त्याला बाहेर काढून पुन्हा संगणकाकडून बसवून घ्यावे आणि संगणकाने शोधलेली जागा खऱ्या जागेपासून किती दूर आहे ते मोजावे. सरासरी अंतर २ अँगस्ट्रॉमच्या आत असेल, म्हणजे एका मीटरच्या एक अब्जाव्या भागाच्या पाचव्या हिश्शाइतके, तर पेटी आणि मांडणी ठीक आहे असे मानतात. तसे होत नसेल तर पुढचे सारे आकडे बाजूला ठेवावेत. दुसरी रीत अशी, की ज्यांचा परिणाम होतो हे ठाऊक आहे असे काही रेणू आणि तशाच आकारमानाचे, पण परिणाम अपेक्षित नसलेले पुष्कळ रेणू एकत्र मिसळून द्यावेत, आणि प्रोग्रॅम कामाचे रेणू वर आणतो का ते पाहावे. बियाणे पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. ही तपासणी न करता छापलेले डॉकिंगचे निबंध मला दर आठवड्याला दिसतात, आणि त्यांचे वाईट वाटते, कारण ती तपासणी एका दुपारचे काम असते.

संगणकाचा सर्वांत मोठा धोका माझ्या मते असा आहे की तो कधीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याला चुकीचा रेणू दिला तरी तो आकडा देतो. कुरकुमिनचेच पाहा. हा रेणू किटो आणि इनॉल अशा दोन रूपांत असतो, द्रावणात बहुतांशी इनॉल रूपात. पण विद्यार्थी अनेकदा संग्रहात हाताला लागेल ते रूप उचलतात. कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिनचे प्रकरण याहून कठीण आहे. कापसावर आणि तुरीवर आपण पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो, त्यातला हा मुख्य कीडरोधक घटक. त्याच्या रेणूत १६ कार्बन असे आहेत की ज्यांच्याभोवतीची मांडणी दोनपैकी एका प्रकारे असू शकते. दोनाचा सोळावा घात ६५,५३६ होतो. निसर्गात कडुनिंब यांतली एकच मांडणी बनवतो. चित्र काढताना एक कोपरा उलटा झाला, तर आपण कडुनिंबात नसलेल्याच पदार्थाची पकड मोजत बसतो आणि ते आपल्याला कळतही नाही. वनस्पतींचे रेणू असे गुंतागुंतीचे असतात. म्हणूनच ते मोलाचे आहेत आणि म्हणूनच त्यांच्याबाबत जास्त काळजी लागते.

मग या पद्धतीचा उपयोग तरी काय, असे वाचकाला वाटेल. उपयोग आहे, आणि तो शोधाचे क्षेत्र आटोपशीर करण्याचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाशी निगडित पीटीपी-१बी या विकरावर दोन्ही मार्ग एकाच वेळी ताडून पाहिले गेले. एकीकडे सुमारे ४ लाख संयुगे यंत्रांनी प्रत्यक्ष तपासली, त्यांतून ८५ कामाची निघाली. दुसरीकडे सुमारे २ लाख ३५ हजार संयुगे आधी संगणकावर बसवून पाहिली, त्यांतली ३६५ निवडून प्रयोगशाळेत तपासली, आणि त्यांतून १२७ कामाची निघाली. पहिल्या मार्गाने दहा हजारांत दोन, दुसऱ्या मार्गाने शंभरात सुमारे पस्तीस. ज्या महाविद्यालयाला चार लाख संयुगे विकत घेणे जन्मात शक्य नाही, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी: पीटीपी-१बी या विकराला रोखणारे एकही औषध अजून बाजारात आलेले नाही. चांगली यादी आणि औषध यांच्यामध्ये बरीच वर्षे आणि बरीच अपयशे असतात.

डॉकिंगनंतरची पायरी म्हणजे रेणुगतिकीचे सिम्युलेशन. दांडा बसला, आता कुऱ्हाड चालवून पाहायची. डॉकिंगमध्ये प्रथिन बहुधा ताठ धरलेले असते आणि पाणी नसते. इथे प्रथिन, रेणू, सभोवतीचे हजारो पाण्याचे रेणू आणि क्षार या सर्वांना शरीराच्या तापमानाला हलू देतात आणि रेणू जागेवर टिकतो की निसटतो ते पाहतात. संगणक दर २ फेमटोसेकंदांनी प्रत्येक अणूवरील बल काढून त्याची पुढची जागा ठरवतो. फेमटोसेकंद हा सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. १०० नॅनोसेकंदांचे सिम्युलेशन हवे असेल तर ही आकडेमोड ५ कोटी वेळा करावी लागते. १९७७ मध्ये प्रथिनाचे असे पहिले सिम्युलेशन झाले ते सुमारे ९ पिकोसेकंदांचे होते (हजार पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद). आज एखादा विद्यार्थी ग्राफिक कार्ड असलेल्या एका संगणकावर त्याच्या दहा हजार पट लांब सिम्युलेशन काही दिवसांत करतो. आपल्याकडे मधेच वीज जाते, ही अडचणही जीवघेणी नाही, कारण ग्रोमॅक्ससारखे प्रोग्रॅम ठरावीक वेळाने स्थिती साठवून ठेवतात आणि काम तिथून पुढे सुरू करता येते. सिम्युलेशनने डॉकिंगमधील कच्चे उमेदवार गळतात. तरीही १०० नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग आहे, आणि चांगले औषध आपल्या प्रथिनात मिनिटेच्या मिनिटे किंवा तासन्तास बसून राहू शकते, हे विसरू नये.

प्रथिनात बसणे ही एक परीक्षा झाली. पण रेणू त्या प्रथिनापर्यंत पोहोचणार कसा? तो पाण्यात विरघळतो का, आतड्यातून रक्तात शिरतो का, यकृत त्याचे काय करते, तो कुणाला अपाय करतो का, हे सारे प्रश्न उरतात. ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये तोंडावाटे घेण्याच्या औषधांसाठी काही ढोबळ मर्यादा सांगितल्या, त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे रेणुभार ५०० च्या आत असावा. स्विसएडीएमई हे मोफत संकेतस्थळ अशा कसोट्या काही सेकंदांत लावून दाखवते. रुटिन या कसोटीवर नापास होतो. पण इथे घाई करू नये, कारण लिपिन्स्की यांनीच नैसर्गिक पदार्थांना अनेकदा सूट द्यावी लागते हे सांगितले होते, आणि अकार्बोजही याच कसोटीवर नापास होते. त्याला रक्तात जायचेच नसते. त्याचे काम आतड्यातच आहे. रेणूला कुठे काम करायचे आहे हे न पाहता लावलेली कसोटी निरुपयोगी ठरते. रुटिनची अडचण वेगळी आहे. आतड्यातील जिवाणू त्याला चिकटलेली साखर तोडून टाकतात, तेव्हा संगणकात बसवलेला रेणू आणि पोटात प्रत्यक्ष उरलेला रेणू एकच असतील असे नाही.

कुरकुमिनच्या बाबतीत हा प्रश्न फार बोलका आहे. वाळलेल्या हळकुंडात कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्के असते. चाचण्यांमध्ये २ ग्रॅमची मात्रा दिली जाते असे धरले, तर ३ टक्क्यांच्या हिशेबाने ६५ ग्रॅमहून अधिक हळदपूड पोटात जायला हवी. भाजीत आपण चिमूटभर घालतो. पोटात गेले तरी रक्तात फार थोडे पोहोचते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर रक्तातील प्रमाण २००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा जाहिरातींत फार वापरला जातो. पण पायपरिन हे काम यकृत आणि आतड्यातील विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेला रोखून करते, आणि तीच यंत्रणा रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांचीही विल्हेवाट लावत असते. त्यामुळे ती औषधेही रक्तात वाढू शकतात. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी कुरकुमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा शंभराहून अधिक चाचण्या होऊनही कोणत्याही रोगावर काटेकोर दुहेरी-अंध चाचणीत, म्हणजे खरे औषध कुणाला मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते अशा चाचणीत, त्याचा उपयोग सिद्ध झालेला त्यांना दिसला नाही. हळदीच्या पट्ट्यात राहून हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण आपल्या पिकाचा मान राखायचा तर त्याच्याविषयी खरे तेच बोलले पाहिजे.

अपायाच्या बाबतीत संगणक सर्वांत कमकुवत आहे, कारण त्याचे अंदाज आधी अभ्यासलेल्या रेणूंवरून बांधलेले असतात आणि वनस्पतींचे रेणू त्यांच्यासारखे नसतात. कोविडच्या काळात गावोगावी गुळवेलीचा काढा प्यायला जात होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेतलेल्या ६ रुग्णांना यकृताची इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका वेलीशी गल्लत झालेली असू शकते असे म्हटले. या वादातला एक मुद्दा कुणालाच नाकारता येत नाही: आपण नेमकी कोणती वेल तोडली, हे आधी कळले पाहिजे. संगणकाला वेल दिसत नाही, त्याला केवळ नाव आणि रेणूचे चित्र दिसते. त्यामुळे वनस्पतीचा वाळवलेला नमुना तज्ज्ञाकडून ओळखून घेऊन जपून ठेवणे, ती कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात घेतली हे लिहिणे, हे जुन्या पद्धतीचे काम आजही पहिले काम आहे. डॉकिंगच्या बातमीवरून कुणी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन बंद करून पाला खाऊ लागला, तर त्याची साखर त्या आकड्याने उतरणार नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

वनस्पतींतून औषधे येतात, याबद्दल शंका नाही. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आले आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांवर आजही वापरले जाते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रुग्णांच्या नोंदींसह मांडले आणि जगाने ते स्वीकारले. दोन्ही ठिकाणी दावा टिकला तो प्रत्यक्ष मोजणीवर.

आमच्या विद्यार्थिनीसाठी ही मोजणी आवाक्यातली होती, म्हणून आम्ही तीच ठरवली. अल्फा-ग्लुकोसिडेजची चाचणी साधी आहे: विकराने एक कृत्रिम शर्करा तोडली की पिवळा रंग सुटतो, शेवटी सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा घालून क्रिया थांबवतात, आणि रंग जितका कमी तितका विकराला झालेला अडथळा जास्त. यात सापळे आहेत. बाजारात सहज मिळणारे विकर यीस्टचे असते, माणसाचे नसते, आणि अकार्बोज यीस्टच्या विकराला फारसे रोखत नाही. यीस्टवरच्या चाचणीत एखादा काढा अकार्बोजला हरवतो, तेव्हा त्या विजयाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून सस्तन प्राण्याच्या आतड्यातील विकर वापरायचे ठरले. दुसरा सापळा कुरकुमिनचा. ते स्वतःच पिवळे आहे, आणि हळदीच्या डागावर साबणाचे पाणी पडले की तो लाल होतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. सोडा घातल्यावर चाचणीच्या नळीतही तेच होते, आणि यंत्र ज्या रंगावरून निष्कर्ष काढते तोच बिघडतो. शिवाय कुरकुमिन आणि क्वेर्सेटिनसारखे रेणू पाण्यात गोळा होऊन प्रथिनाला नुसते लपेटून टाकतात, त्यामुळे अडथळा झाल्याचा भास होतो. फसवा परिणाम दाखवणाऱ्या अशा रेणूंविषयी २०१० पासून औषधशास्त्रात वेगळी सावधगिरी बाळगली जाते. डिटर्जंटचा अगदी सौम्य अंश घातल्यावर अडथळा नाहीसा झाला, तर तो अशा गोळ्यांमुळे होता असे समजायचे.

संयुगाचा स्वतःचा रंग वजा करता यावा म्हणून तिने आधी विकर न घातलेल्या नळ्या लावल्या, प्रत्येक संयुगासाठी वेगळ्या. मग संगणकाकडे परतून अकार्बोज पुन्हा बसवून पाहिले, आणि कुरकुमिनचे इनॉल रूप घेऊन ते डॉकिंग नव्याने केले. नव्या तक्त्यात रुटिनपुढे उणे ९.२ हा आकडा अजूनही आहे. त्याच्या शेजारी तिने रेणुभाराचा रकाना घातला आहे, त्यानंतर त्रुटीचा, आणि त्यापुढचा प्रयोगशाळेतील निष्कर्षाचा रकाना सध्या कोरा आहे. आतड्याच्या विकराची कुपी पुढच्या आठवड्यात बर्फातून यायची आहे.